दारात सापडलेलं बोट

फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदारानं डब्यावर टिचकी मारून आत काय आहे असं खुणेनं विचारलं. मी जपानीत काही सांगायच्या आधीच माझ्या सासूबाईंनी झाकण काढलं आणि डबा त्याच्या नाकाखाली धरला. दशम्या होत्या, आणि शेंगदाण्याची चटणी. त्यानं वाकून वास घेतला, दोनदा मान लववली आणि आम्हाला आत सोडलं.

नऊ वाजायला आले होते. फेब्रुवारीतलं कोवळं ऊन पडलेलं, समुद्राकडून बोचरा वारा येत होता आणि पाइनच्या झाडांपलीकडून चेंडू हातमोज्यात बसल्याचे आवाज ऐकू येत होते. फाट्, फाट्, फाट्. 

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. आम्ही तेव्हा दक्षिण जपानात कोकुराला राहत होतो. गिरीश, माझा नवरा, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीयर होता आणि मी त्याच कारखान्याच्या कचेरीत कागदपत्रांची भाषांतरं करत असे. उरलेल्या वेळात मी ‘यष्टीमागून’ नावाचा ब्लॉग लिहायची. बेसबॉलवर, मराठीत. ऐकणाऱ्याला हसू येई, पण जळगाव, अमरावती, नागपूरकडे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणाऱ्या पुष्कळ मुली आहेत आणि त्या वाचत. मी लिहायची ती मुख्यतः एकाच संघाबद्दल, सेतो हेरॉन्स. हेरॉन म्हणजे बगळा, म्हणून ब्लॉगवर त्यांचं नाव नुसतं ‘बगळे’. घरच्यांना वाटे, हे खूळ हिला जपानात येऊन लागलं. मीही तसंच वाटू दिलं होतं.

मोसमाच्या आधी बगळे मियाझाकीजवळच्या एका लहानशा गावात महिनाभर सराव करत. तिथं एक दिवस पत्रकार म्हणून येऊ द्या, असं पत्र मी संघाला लिहिलं. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. नेमक्या त्याच दिवसांत सासूबाई दोन महिन्यांसाठी भुसावळहून आल्या होत्या. गिरीशला सुट्टी नव्हती आणि आमच्या रेवाची शाळा होती. "दिवसभर मी घरात भिंती बघत बसू का? मी पण येते," असं त्या म्हणाल्या आणि आदल्या संध्याकाळी पाच तासांचा रेल्वेप्रवास करून आम्ही दोघी त्या गावात उतरलो.

संघाकडून आमची व्यवस्था बघायला निशिगाकी नावाची एक तरुण मुलगी होती. चालताना ती जवळजवळ पळतच असे. पत्रात मी एकटीच येणार असं लिहिलेलं, आणि समोर पातळावर स्वेटर, पायात पांढरे बूट आणि हातात डबा घेतलेल्या प्रमिलाबाई वारके उभ्या. निशिगाकीनं क्षणभर विचार केला, खिशातून एक कोरं कार्ड काढलं, त्यावर ‘सहायक’ असं लिहिलं आणि ते दोन्ही हातांनी आईंच्या गळ्यात घातलं. सासूबाईंना मी आईच म्हणते. आईंनी कार्ड पदराबाहेर नीट दिसेल असं काढून ठेवलं.

खेळाडू एकेक करून मैदानात येत होते. शिरताना प्रत्येक जण टोपी काढून रिकाम्या मैदानाला वाकून नमस्कार करत होता. आई ते बराच वेळ बघत राहिल्या.

"ग्राउंडला नमस्कार करून राहिले," त्या म्हणाल्या. "वळणाची पोरं आहेत."

तेवढ्यावर त्यांनी संघ पास केला.

माझी दहा मिनिटांची वेळ होती ती किरियामाबरोबर. एकवीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सहा फूट दोन इंच, आदल्या वर्षी त्यानं सगळ्या देशाला वेड लावलं होतं. त्याचा फोटो आमच्या फ्रिजवर होता. मी बावीस प्रश्न लिहून नेले होते. तो समोर येऊन वाकला तेव्हा माझी सहा वर्षांची जपानी भाषा कुठच्या कुठे पळाली. पहिला प्रश्न मी चक्क मराठीत विचारला. तो नम्रपणे "हो" म्हणाला.

मग मी सावरले. पण तो कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर देई. या वर्षी काय ठरवलंय? मेहनत करीन. खांदा कसा आहे? मेहनत करीन. बाजूला बसलेल्या आई दर वेळी तो काय म्हणतो असं विचारत आणि मी दर वेळी तेच सांगे.

"शहाणा आहे," त्या म्हणाल्या. "पण वाळलाय. एवढा उंच आणि अंगावर मांस नाही."

आणि मी अडवायच्या आत त्यांनी चटणी लावलेली दशमी त्याच्यापुढे धरली. किरियामानं निशिगाकीकडे पाहिलं, निशिगाकीनं घड्याळाकडे. मग त्यानं दोन्ही हातांनी दशमी घेतली आणि खाल्ली. त्याला जोराचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, निशिगाकी पाणी आणायला धावली. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, आणखी एक मिळेल का?

दुसऱ्या दशमीनंतर तो जरा माणसासारखा बोलायला लागला. नागासे समोर बसलेला असला की आपल्याला बॅटर दिसतच नाही, असं तो म्हणाला. त्याच्या हातातला मिट, तो जाड हातमोजा, पसरलेल्या गादीएवढा वाटतो, चेंडू कुठंही टाकला तरी तिथंच पडेल असं. अख्ख्या मुलाखतीत तेवढं एक वाक्य मला मिळालं, आणि ते मिळालं दशमीमुळे, हे मी ब्लॉगवर प्रामाणिकपणे लिहिलं.

नागासे म्हणजे संघाचा कॅचर. क्रिकेटमध्ये यष्टीरक्षक बसतो तसा बॅटरच्या मागं उकिडवा बसून पिचरचे चेंडू घेणारा. वय सदतीस, या एकाच संघात सोळा वर्षं, आणि हा त्याचा शेवटचा सराव असेल असं सगळे कुजबुजत होते. किरियामावर मी चार लेख लिहिले असतील, तर नागासेवर चाळीस. पण तो पत्रकारांशी बोलत नाही, त्याला काही विचारायचं नाही, असं निशिगाकीनं आधीच बजावलं होतं. तेव्हा मी पिचर सराव करतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळीमागं उभी राहून नुसती बघत होते. आई बाकावर बसल्या होत्या.

नागासे दीड तास तसाच बसून चेंडू घेत होता. प्रत्येक चेंडूनंतर पिचरला काहीतरी चांगलं ओरडून सांगायचा.

"हा सारखा उकिडवाच बसतो," आई म्हणाल्या. "गुडघे नाही का दुखत?"

"दुखतात. पण पोटरीची शीर आधी धरते."

"तुला काय माहीत?"

मी म्हटलं, कुठंतरी वाचलंय.

साडेअकराच्या सुमाराला सराव थांबला. नागासेनं तोंडावरचा पिंजरा काढला, घाम पुसला आणि सरळ जाळीकडे आला. निशिगाकी लगबगीनं आमच्या मध्ये येऊ लागली, पण त्यानं तिला हातानंच थांबवलं.

"पत्र लिहिणाऱ्या त्या तुम्हीच ना?" त्यानं मला विचारलं. "कॅचर होत्या त्या?"

पत्रात एक वाक्य होतं. मी चार वर्षं जळगाव जिल्ह्याच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची कॅचर होते, असं. ते मी जपानीत लिहिलं होतं. मराठीत मी ते कधीच कुठं लिहिलं नव्हतं, ब्लॉगवरसुद्धा नाही.

मी हो म्हटलं. त्याची नजर माझ्या पेन धरलेल्या उजव्या हाताकडे गेली. माझ्या अनामिकेचं वरचं पेर बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे, अंगठी घालताना ती फिरवून घालावी लागते. तो ते बोट बघत राहिला.

"चेंडू बॅटला पुसटसा लागून आलेला?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं आपला उजवा हात माझ्या हाताशेजारी, जाळीच्या लाकडी कठड्यावर ठेवला. तर्जनी मध्येच वळलेली, अंगठ्याचं मूळ सुजून कायमचं जाड झालेलं, आणि अनामिका थेट माझ्यासारखी, त्याच पेरावर, त्याच बाजूला. मला हसू आलं. तोही हसला. त्याच्या सोळा वर्षांच्या खेळातला हसतानाचा एकही फोटो मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात आई उठून आमच्यामागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि कठड्यावरचे दोन्ही हात नीट पाहिले.

"अगंबाई," त्या कळवळून म्हणाल्या. "याचं पण दारात सापडलं होतं?"

आता दाराचं सांगायला हवं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मंडळी बघायला येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी माझी शकूमावशी यावलला आमच्या घरी आली आणि माझ्या बोटाकडे बघून तिनं कपाळावर हात मारला. खेळात मोडलं असं अजिबात सांगायचं नाही, ती म्हणाली. उन्हातान्हात हुंदडणारी मुलगी म्हणतील. लहानपणी दारात सापडलं म्हणा. वडील खाली मान घालून बसले होते आणि मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंनी पोहे खाता खाता माझा हात आपल्या हातात घेतला, बोटाचं विचारलं आणि मी म्हणाले, दारात सापडलं. त्याबरोबर माझ्या पदकांची पेटी माळ्यावर गेली.

पण या बाईंनी ते दार विसरायला नको का? लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्या रोज रात्री कोमट तेलानं माझं बोट चोळत. रेवा रांगायला लागली तेव्हा त्यांनी भुसावळच्या घरातल्या एकूण एक दाराच्या सांध्यात चिंध्या कोंबल्या. यावलला गेल्या की माझ्या माहेरच्या त्या दाराकडे रागानं बघत. एकदा तर त्यांनी माझ्या वडिलांना स्पष्टच सांगितलं की एका पोरीचं बोट गेलं, निदान आता तरी काहीतरी करा. माझ्या वडिलांनी निमूटपणे सुताराला बोलावलं आणि त्या निरपराध दाराला रबर बसवून घेतलं. गिरीशला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी खरं सांगून टाकलं होतं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, आता आईला कसं सांगशील, राहू दे. म्हणून राहिलं होतं. अकरा वर्षं.

आणि आता त्या मला विचारत होत्या. एक "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. समोरच्याला मराठी येत नव्हतं, त्यांना जपानी येत नव्हतं. मधे मीच होते. पण नागासेचा हात अजून माझ्या हाताशेजारी होता आणि त्याच्या बोटाबद्दल खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

"नाही आई," मी म्हणाले. "त्याचं चेंडूनं मोडलं. कॅचरचं मोडतं तसं." आणि मग म्हणाले, "माझं पण."

त्यांनी एकदा त्याच्या बोटाकडे पाहिलं, एकदा माझ्या. मग वळून बाकावर जाऊन बसल्या आणि डबा मांडीवर घेतला.

काही चुकलं का, असं नागासेनं विचारलं. मी त्याला दोन-चार वाक्यांत सगळं सांगितलं, दाराला बसवलेल्या रबरासकट. निशिगाकीनं तोंडावर हात घेतला. नागासे मात्र हसला नाही. तो जाळीचं दार उघडून बाहेर आला आणि आईंच्या समोर, थोड्या अंतरावर, सवयीनं उकिडवा बसला. मी बाजूला उभी होते. 

"अकरा वर्षं मी त्या दाराला शिव्या घातल्या," आई म्हणाल्या.

"हो आई."

"तुझ्या वडिलांनी रबर बसवलं."

"हो."

"ते पण मुकाट्यानं." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. रागानं की कशानं, मला कळेना. "अजून काय काय सांगितलंस मला असं?"

"अजून काही नाही. हे एकच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर खाली केली नाही, केली असती तर त्यांचा विश्वास बसला नसता. मग त्यांनी तोंड फिरवून समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

"याला विचार, याचं मोडलं तेव्हा याची आई काय म्हणाली."

मी विचारलं. नागासे सावकाश सांगू लागला आणि मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता, शाळेच्या संघात. त्याची आई मासळीच्या कारखान्यात कामाला होती. ती कामावरचे रबरी बूट न काढताच दवाखान्यात धावत आली. त्याला वाटलं, आता ही खेळ बंद करायला लावणार. पण तिनं पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि पहिलं हेच विचारलं की, चेंडू सुटला का? तो नाही म्हणाला, धरून ठेवला. मग ती त्याच्याशेजारी बसली आणि रडली.

आईंनी ते सगळं ऐकून घेतलं. हात पुढं करून माझा उजवा हात धरला, मला बाकावर बसवलं आणि त्या वाकड्या बोटावर आपला अंगठा ठेवला. तेल लावायच्या तसाच.

"आणि तुझा?" त्या म्हणाल्या. "तुझा सुटला का?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. वडिलांनी नाही, माझ्या आईनं नाही, गिरीशनंही नाही. बोट कसं मोडलं, किती दुखलं, आता सरळ होईल का, एवढंच सगळे विचारत. 

"नाही सुटला," मी म्हणाले. "अमरावतीला अंतिम सामना होता. शेवटची खेळी. बॅट घेऊन उभी होती ती पोरगी एका फटक्यात सामना फिरवणारी होती. चेंडू तिच्या बॅटला पुसटसा लागला आणि बोटावर येऊन मिटमध्ये बसला. मला वाटलं बोट गळून पडलं. पण मी मिट उघडला नाही. ती बाद झाली, आई. आम्ही जिंकलो."

"मग?"

"मग पोरींनी मला उचलून घेतलं. तेव्हा कुणाला बोटाचं माहीतच नव्हतं."

आईंनी पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग चष्मा काढून स्वतःचे. नागासेला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण त्यानं भाषांतर मागितलं नाही. तो उठला, शेडमध्ये गेला आणि एक जास्तीचा मिट घेऊन आला. निशिगाकी विम्याचं काहीतरी पुटपुटली, ते त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"बस उकिडवी," आई मला म्हणाल्या. "बघू दे मला तरी."

मी कॅमेरा त्यांच्याकडे दिला, पिंजरा चढवला आणि तेरा वर्षांनी पहिल्यांदा चेंडू घ्यायला उकिडवी बसले; समोर टाकायला नागासेच उभा होता. गुडघे कडकड वाजले. पहिला चेंडू माझ्या मिटच्या कडेला लागून मागं गेला. दुसरा बसला. तळहात झणझणला, आणि तो आवाज आला, फाट्. नागासे अगदी हलक्या हातानं टाकत होता आणि प्रत्येक चेंडूनंतर पिचरला ओरडून सांगायचा तसं मला काहीतरी ओरडून सांगत होता. आता किरियामा आणि आणखी दोघं-तिघं जाळीशी जमले होते. दहाव्या चेंडूच्या आधी नागासेनं बोट वर केलं, म्हणजे आता खरा. तो चेंडू मला नीट दिसलासुद्धा नाही. मिट आपोआप तिथं गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी वळून पाहिलं, तर आई बाकावरून उठून उभ्या होत्या आणि कॅमेरा उलटा धरून माझे फोटो काढत होत्या. त्यांतला एकही नीट आला नाही. सगळे त्यांच्या स्वतःच्या स्वेटरचे होते.

 संध्याकाळी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो असताना मी क्षमा मागितली आणि दाराची कल्पना शकूमावशीची होती, हेही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "राग आहे मला. दोन-चार दिवस राहील, तुला सांगून ठेवते. मध्ये मध्ये बोलायला येऊ नको."

मी बरं म्हटलं.

"तुझ्या शकूमावशीला फोन लाव."

मी दचकले. म्हटलं, तिकडे आता दुपारचे अडीच वाजले असतील, ती जेवून आडवी झाली असेल. त्यांनी नुसता हात पुढं केला. मी नंबर लावून दिला. बराच वेळ घंटी वाजली, मग पलीकडून मावशीचा झोपाळलेला आवाज आला. आईंनी रीतीप्रमाणे तिच्या तब्येतीची चौकशी केली, सुनेची केली, नातवाची केली. मग बाकावर ताठ बसत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हेमाचं बोट दारात नव्हतं सापडलं. तिनं चेंडू धरला होता. तुम्हाला माहीत नसेल म्हणून फोन केला."